ताप आला होता का?

कात्रज, पुणे
१५ फेब्रुवारी २०००

ती. द्वारकाआत्यास,

प्रियदर्शनीचा साष्टांग नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस. फोन घरमालकिणीच्या, म्हणजे सलीमाचाचींच्या बैठकीत आहे आणि त्या शेजारी बसून भाजी निवडतात. एसटीडी बूथवर मागे रांग असते. हे असं कुणासमोर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. बाबांना यातलं अक्षरही सांगू नकोस.

मला पाचवा महिना लागला हे तुला माहीत आहेच. तिसऱ्या महिन्यात करायच्या रक्ताच्या तपासण्या हिंजवडीच्या नव्या ऑफिसच्या धावपळीत राहून गेल्या. मध्यंतरी जरा बरंही नव्हतं. शेवटी आठ तारखेला रक्त दिलं. काल डॉक्टरबाईंनी बोलावलं आणि दार लावून घेऊन सांगितलं, "व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आलीये. एकास चार. मिस्टरांना घेऊन या."

आत्या, ही कसली तपासणी असते ते तुला मी काय सांगणार? तू जन्मभर अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं काम केलंस. गुप्तरोग. मला! शुभंकरखेरीज माझ्या आयुष्यात कुणी पुरुष आलेला नाही. आणि शुभंकर गेल्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर अमेरिकेत होता. डिसेंबरअखेर त्या वायटूकेच्या, संगणकांतल्या सन दोन हजारच्या घोळाच्या कामासाठी पुन्हा तीन आठवडे जाऊन आला.

मी हिशेब जुळवते आणि जुळतो, याचीच मला भीती वाटते. त्याला काही विचारलेलं नाही. रिपोर्ट कपाटात शालूच्या घडीत ठेवलाय. तू सांग, ही तपासणी खोटी बोलते का? आणि माझ्या बाळाचं काय?

तुझी,
प्रियू

---

वाशिम
२० फेब्रुवारी २०००

चि. प्रियदर्शनीस,

अनेक आशीर्वाद. आधी रडणं थांबव. पत्रावर दोन ठिकाणी शाई पसरलीये, आणि ती पोस्टमनने सांडलेली नाही.

तीस वर्षं मी नळ्या धरल्या. नळीला कुणाची सून, कुणाचा नवरा, कुणाची अब्रू कळत नाही. जे रक्तात असतं तेच ती दाखवते, यावर माझा विश्वास आहे. एकास चार म्हणजे फार नाही, पण आहे. तुझं म्हणणं मी खरं धरते. मग उरतो कोण? जावईबापू दिसायला गरीब आहेत, पण दिसण्यावरून मी कधीच रिपोर्ट लिहिला नाही.

बाळाचं म्हणशील तर अजून काही बिघडलेलं नाही. पेनिसिलीनने हा रोग बरा होतो, पोटातल्या जिवालाही वाचवता येतं. पण वेळ घालवायचा नाही. त्याला विचारायची हिंमत नसेल तर सरळ निघून इकडे ये. इथल्या डॉक्टरांना मी ओळखते, कुणी तुला वाकडा प्रश्न विचारणार नाही. तुझ्या बापाला माझी तब्येत बिघडलीये म्हणून सांगू. तेवढं खोटं मी बोलीन.

नवऱ्याचं नंतर बघता येईल. आधी बाळ.

द्वारकाआत्या

---

कात्रज, पुणे
२५ फेब्रुवारी २०००

ती. आत्यास नमस्कार,

तुझं पत्र वाचलं आणि मनातला उरलासुरला किंतू गेला. तूच म्हणतेस तर मग काय राहिलं?

सहा मार्चच्या गाडीचं आरक्षण केलंय, शिवाजीनगर स्टँडवरून, संध्याकाळी पाचची. शुभंकरला सांगितलंय की तुझं बरं नाही. तो म्हणाला, "मी येतो सोडायला." मी म्हटलं, "नको." त्यावर तो म्हणाला, "ठीक आहे, तुमच्या राज्यात आम्हाला प्रवेश नाही तर नाही." पूर्वी अशा बोलण्याला मी हसायचे. आता वाटतं, ह्याला एवढं सहज कसं बोलता येतं?

रिपोर्टात आणखीही काहीबाही आहे. प्लेटलेट एक लाख अठ्ठावीस हजार, त्यापुढे बाण काढलाय खाली. यकृताची एक तपासणी थोडी वर. हिमोग्लोबिन साडेनऊ. म्हणजे तो रोग सगळीकडे पसरलाय का गं? मंडईतून बीट आणि पालक आणून खातेय.

ऑफिसात माझं काम दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं. दिवसभर तेच करते, आणि स्वतःच्या घरातली इतकी मोठी चूक मला दिसली नाही.

परत येईन की नाही, ठरवलेलं नाही. येताना बाळंतविड्यासाठी शिवायला घेतलेलं सगळं घेऊन येतेय, यावरून काय ते समज.

प्रियू

---

कात्रज, पुणे
२६ फेब्रुवारी २०००

ती. आत्याबाईंस,

सा. न. वि. वि. आपण मला ओळखता ते लग्नात पाया पडलेला मुलगा एवढंच. तरी हे पत्र लिहितोय, कारण दुसरं कुणी सुचलं नाही. आपली तब्येत बिघडल्याचं ऐकलं, पण परवा जिन्यात पडलेल्या आपल्या पाकिटावरचं अक्षर आजारी माणसाचं वाटलं नाही. क्षमा असावी, पुण्याचा आहे.

आपलं पत्र आलं त्या दिवशी प्रियदर्शनी जेवली नाही. त्याआधीपासूनच ती माझ्याशी कामापुरतं बोलते. कंपनीच्या बसमध्ये आम्ही दोघं शेजारी बसायचो, आता ती तीन सीट मागे बसते. विचारलं तर "तिथे हवा लागते" म्हणते. कारण मला ठाऊक आहे आणि चूक माझीच आहे.

मी एकवीस जानेवारीला अमेरिकेहून आलो तो अंगात ताप घेऊनच. प्रवासाचा थकवा आहे असं सांगितलं. वेगळं झोपायला हवं होतं, ते केलं नाही. वर तिच्याकडून वाफारे आणि काढे करून घेतले. सत्तावीसला ती आजारी पडली. एकशे तीन ताप, अंग मोडून आलेलं, खोकून खोकून बरगड्या दुखायच्या. पाच दिवस निव्वळ पेज. पोटात बाळ, म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तापाच्या साध्या गोळीशिवाय काही दिलं नाही. व्हायरल आहे, म्हणाले. एकतीसला ताप उतरला. खोकला अजून आहे.

आठ तारखेला तिने रक्त दिलं. रिपोर्ट मला दाखवत नाही. माझ्या त्या तापाने बाळाला काही झालंय आणि ती मला सांगत नाही, असं मला वाटतं. ती आपल्याला लिहिते. मला फक्त एवढंच कळवा, बाळ आहे ना ठीक? बाकी तिने मला जन्मभर तीन सीट लांब ठेवलं तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण बाळाचं आधी.

आपला,
शुभंकर

---

तार
वाशिम, २ मार्च २०००

निघू नकोस. चूक माझी. पत्र पाठोपाठ. द्वारका.

---

वाशिम
२ मार्च २०००

चि. प्रियूस,

तार मिळाली असेलच. आता हे नीट बसून वाच.

तुझ्या पहिल्या पत्रात एक वाक्य होतं, "मध्यंतरी जरा बरंही नव्हतं." मी ते वाचलं आणि पुढे गेले. एकशे तीन ताप आणि पाच दिवस पेज, याला तू "जरा बरं नव्हतं" म्हणतेस होय? हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. ज्याने सांगितलं त्याला मी कोणत्या विचारात पडले हे माहीत नाही, आणि तुझं गुपित मी फोडलेलं नाही.

आता ऐक. व्हीडीआरएल ही तपासणी त्या रोगाचा जंतू शोधतच नाही. शरीराला इजा झाली की रक्तात काही द्रव्यं तयार होतात, ती ही तपासणी पकडते. त्या रोगातही ती होतात, आणि जोराचा व्हायरल ताप येऊन गेला की कधीकधी तेव्हाही होतात. त्यात बाई गरोदर असली तर आणखीच. एकास चारसारखा कमी आकडा असेल तर पुष्कळदा असंच निघतं. ताप गेल्यावर आठव्या दिवशी तुझं रक्त घेतलं. प्लेटलेट खाली, यकृताची तपासणी किंचित वर, हेही त्याच तापाचं लक्षण असू शकतं. हिमोग्लोबिनचं म्हणशील तर या दिवसांत रक्त थोडं पातळ होतंच, तरी साडेनऊ कमी आहे. गोळ्या चुकवत असशील तर चुकवू नकोस.

खरं काय ते सांगणारी दुसरी तपासणी आहे, टीपीएचए. ती थेट त्या जंतूविरुद्धची खूण बघते. ती केल्याशिवाय कुणाच्याही नवऱ्याला गुन्हेगार ठरवायचं नसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, प्रियू. मला चांगलं माहीत होतं. आणि तरीही मी तुला लिहिलं, निघून ये.

का लिहिलं, ते सांगते. अठ्ठ्याहत्तर साली अकोल्याला वेणूबाई नावाची बाई आली होती, सातवा महिना. तिचा रिपोर्ट मी लिहिला, लाल शाईने. चार दिवसांनी सासरच्यांनी तिला पत्र्याच्या पेटीसकट माहेरच्या ओसरीवर आणून सोडलं. आमच्या रजिस्टरात नाव, वय, गाव आणि निकाल एवढेच रकाने होते. त्या महिन्यात सबंध वॉर्ड खोकत होता, पण तापाचा रकाना नव्हता आणि मीही विचारलं नाही. पुन्हा तपासणी झालीच नाही. तिचा रिपोर्ट खरा होता की खोटा, मला आजही माहीत नाही. माझ्या हातून चूक झाली असेल हे कबूल करावं लागू नये, म्हणून त्यानंतर मी ठरवून टाकलं की नळी खोटं बोलत नाही. बावीस वर्षं तेच घोकत आले. तुलाही तेच ऐकवलं. याची मला लाज वाटते.

उद्याच्या उद्या डॉक्टरबाईंकडे जा. त्यांना तापाचं सगळं सांग, तारखांसह. मी डॉक्टर नाही, त्या सांगतील तेच करायचं. टीपीएचए पॉझिटिव्ह आली तर उपचार आहेत आणि मी स्वतः पुण्याला येऊन त्याचा कान धरीन. पण मला नाही वाटत तसं होईल.

तुझी आत्या

---

वाशिम
२ मार्च २०००

चि. शुभंकर यांस आशीर्वाद,

तुमच्या पत्रातल्या तारखांनी माझे डोळे उघडले. बाळ ठीक असावं असंच सगळं दिसतंय. तुमच्या तापाने त्याचं काही बिघडलेलं नसावं, पण डॉक्टरांच्या तोंडून तेच ऐकेपर्यंत मी शपथ घेत नाही.

बाकीचं ती सांगेल. तिने सांगेपर्यंत विचारू नका. सांगेल तेव्हा तुम्हाला राग येईल. तो माझ्यावर काढा, तिच्यावर नको. तोवर बसमध्ये उठा आणि तीन सीट मागे जाऊन बसा. तिथे हवा लागते म्हणे.

माझी तब्येत उत्तम आहे. तुम्ही ओळखलंत, पुण्याचे शोभता.

द्वारकाआत्या

---

कात्रज, पुणे
१८ मार्च २०००

ती. आत्यास,

तुझ्या तारेने इथे केवढा गोंधळ झाला! सलीमाचाचींनी ती न उघडताच हंबरडा फोडला. "तार आली गं पोरी, खुदा खैर करे, कोण गेलं?" फैझलला, त्यांच्या मुलाला, दुकानातून बोलावून घेतलं. त्याने वाचली, आणि मग दोघं माझ्याकडे बघत बसली. "चूक माझी" म्हणून कुणी तार करतं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मीही तुझ्यापासून एक लपवलं होतं. पहिला रिपोर्ट सांगितला त्या दिवशी डॉक्टरबाई पुढेही बोलत होत्या. "घाबरू नका, ही पक्की तपासणी नाही, दुसरी करू," असं काहीतरी. मी तोवर उठले होते. मी ते ऐकलं नाही असं नाही. मला ते खोटं सांत्वन वाटलं. ऑफिसात कुणी चूक सापडल्याचं सांगितलं की मी पहिलं वाक्य म्हणते, "पुन्हा करून दाखव." रोज दहा वेळा म्हणते. स्वतःच्या वेळी मला ते सुचलं नाही.

सात मार्चला पुन्हा रक्त दिलं. डॉक्टरबाईंनी तापाच्या तारखा कागदावर लिहून घेतल्या आणि मला म्हणाल्या, "हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" मग स्वतःच म्हणाल्या, "मीही विचारायला हवं होतं." दहाला रिपोर्ट आला. टीपीएचए निगेटिव्ह. व्हीडीआरएलसुद्धा एकास दोनवर उतरलीये. प्लेटलेट एक लाख नव्वद हजार. बाळाची सोनोग्राफी व्यवस्थित आहे.

आत्या, मी डॉक्टरबाईंच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. मग घरी येऊन शुभंकरला सगळं सांगितलं. शालूच्या घडीतला कागदही दाखवला.

मला वाटलं होतं तो काहीतरी टोमणा मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. चार दिवस गप्प. तार आल्यापासून तो बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसायला लागला होता, का ते मला कळत नव्हतं. आता तो पुढे जाऊन बसायला लागला. पाचव्या दिवशी स्वतःच जाऊन रक्त देऊन आला. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, त्याची काही गरज नाही. तरी गेला. काल त्याने बंद पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "हे घे. तुझा कागदावर विश्वास आहे ना?"

मी ते उघडलेलं नाही. उघडणार नाही असं ठरवलंय. माझा त्याच्यावर विश्वास आहे हे त्याला दुसऱ्या कशाने दाखवू? पण पाकीट टेबलावर पडून आहे आणि तो त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. घर काही पूर्वीसारखं झालं नाही.

प्रियू

---

वाशिम
२४ मार्च २०००

चि. प्रियू,

टीपीएचएचं वाचून देवापुढे साखर ठेवली आणि अर्धी स्वतःच खाल्ली.

आता तुझ्या त्या पाकिटाबद्दल. इतकी वेडी कल्पना तुला सुचली कशी? न उघडलेल्या रिपोर्टाचा कुणाला काय उपयोग? बिचाऱ्याने सुई टोचून घेतली ती पाकीट टेबलावर शोभेला ठेवायला नव्हे. तू ते उघडत नाहीस, तो समजतो तुला भीती वाटते. तू मनातल्या मनात मोठेपणा करते आहेस, आणि त्याच्यापर्यंत त्यातलं काही पोचत नाही. मागच्या वेळीही असंच मनातल्या मनात चाललं होतं, आठव.

त्याच्यासमोर उघड. मोठ्याने वाच. आणि "माझं चुकलं" एवढे दोन शब्द तोंडाने म्हण. मी ते तारेने म्हटलं, मला काही झालं नाही.

आत्या

---

कात्रज, पुणे
९ एप्रिल २०००

ती. आत्यास नमस्कार,

आधी महत्त्वाचं. परवा तिसऱ्यांदा रक्त दिलं होतं. व्हीडीआरएल आता निगेटिव्ह आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, फाईल बंद. हिमोग्लोबिन साडेदहा, गोळ्या चुकवत नाही.

तुझं पत्र आलं त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी पाकीट घेऊन शुभंकरसमोर बसले आणि म्हटलं, "माझं चुकलं." तुझ्यासारखं सोपं नाही गेलं. मग पाकीट फोडून मोठ्याने वाचायला लागले. व्हीडीआरएल निगेटिव्ह. टीपीएचए निगेटिव्ह. मला वाटलं संपलं, तर खाली आणखी होतं. शहाण्याने सगळ्याच तपासण्या करून घेतल्या होत्या. कोलेस्टेरॉल दोनशे अडुसष्ट! पुढे एवढा मोठा बाण, वर. मी म्हटलं, "अमेरिकेत काय उद्योग केलेस ते आता कळलं. चीज." तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हां, हा मात्र गुन्हा कबूल आहे. पक्क्या तपासणीची गरज नाही."

आणि मग आम्ही दोघं हसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा. इतकं हसलो की वरून सलीमाचाचींनी काय झालं म्हणून विचारलं.

हसता हसता बाळाने जोरात लाथ मारली. मी शुभंकरचा हात ओढून पोटावर ठेवला. पुन्हा मारली. त्याचा चेहरा असा झाला की मला तुला वर्णन करता येत नाही. "पहिली?" त्याने विचारलं. "ही पहिली ना?"

हो म्हणता आलं असतं. त्याला किती बरं वाटलं असतं. पण आता लपवायचं नाही असं ठरवलं होतं. मी सांगितलं, "नाही. पहिली लाथ अठ्ठावीस फेब्रुवारीला मारली. सोमवार होता, सकाळच्या बसमध्ये. तू तीन सीट पुढे बसला होतास. मी तुझ्या डोक्याकडे बघत होते आणि तुला हाक मारली नाही."

त्याचे डोळे भरून आले, माझेही. हात मात्र त्याने पोटावरून काढला नाही. कितीतरी वेळ तसाच बसून राहिला, पुढच्या लाथेची वाट बघत.

तुझी,
प्रियू